मी खोडलेला ऑर्केस्ट्रा

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात अकरा खोडरबर आहेत. पांढरे मऊ, कणकेसारखे मळता येणारे राखाडी, एक पेनासारखा लांबोडका आणि एक बॅटरीवर गरगर फिरणारा. पेन्सिली मात्र चारच. यावरून माझ्या नोकरीचा साधारण अंदाज यायला हवा, पण येत नाही. इथे सिंगापूरच्या मंडळाच्या गणपतीत कुणी काकू विचारतात, "काय करतेस गं हल्ली?" मी सांगते, ऑर्केस्ट्राची लायब्रेरियन आहे. मग ज्या काकूंना लायब्ररी आवडते त्या मुलांसाठी पुस्तकं सुचवायला सांगतात आणि ज्यांना ऑर्केस्ट्रा आवडतो त्या माइक हातात देतात. मागच्या वर्षी तर आईनेच घात केला. "ती म्युझिकमध्ये आहे," असं जाहीर करून मला आरतीआधी दोन ओळी म्हणायला उभं केलं. मी उभी राहिले. ओळी झाल्या नाहीत. म्हणून मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिही म्हटल्यावर मी लगेच कबूल झाले. लिहिताना कुणी आपल्याकडे बघत नाही.

तर काम असं. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाल्यांचे गज एकदम वर जाताना आणि एकदम खाली येताना तुम्ही पाहिले असतील. ते काही मनं जुळल्यामुळे होत नाही. कुठे गज वर न्यायचा आणि कुठे खाली आणायचा हे प्रत्येक गटाचा म्होरक्या ठरवतो, आणि मग कुणीतरी ते त्या गटातल्या प्रत्येक स्टँडवरच्या कागदात पेन्सिलीने उतरवतं. ते कुणीतरी म्हणजे मी. वर नेण्याची खूण इंग्रजी व्हीसारखी, खाली आणण्याची पाय फाकवलेल्या टेबलासारखी. एका सिंफनीत अशी काही हजार टेबलं आणि व्ही होतात. या कागदांना आम्ही पार्ट म्हणतो. दोन वादकांना मिळून एक पार्ट.

पुष्कळदा हे पार्ट प्रकाशकाकडून भाड्याने येतात आणि कार्यक्रम झाला की कोरे करून परत पाठवावे लागतात. म्हणून खोडरबर. पेन्सिल कुणीही चालवतं. खोडणं ही कला आहे. कागद फुगता कामा नये, छापलेला स्वर पुसट होता कामा नये. त्यात वादक काय वाटेल ते लिहितात. ड्रमवाल्याला दोनशे बार, म्हणजे तालाची घरं, गप्प बसून मोजायचे असतात, तो समासात वाणसामानाची यादी करतो. एका ट्रॉम्बोनवाल्याने निवांत जागी पाच जणांच्या चिकन राइसची ऑर्डर लिहिली होती, त्यात एकाला तिखट नको होतं. हे पार्ट जगभर फिरून येतात, त्यामुळे आधीच्या माणसाने न खोडलेलं कोरियन, जर्मन, ग्रीक, रशियन सगळं मी खोडलेलं आहे. यातलं काहीच मला वाचता येत नाही. पुढचं सगळं यामुळेच झालं.

लेव्ह इल्यिच आमच्याकडे कंडक्टर म्हणून आले तेव्हा त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले आणि माझ्यापाशी थांबून विचारलं, "नाव?"

"केतकी."

"वडिलांचं?"

मला वाटलं, फॉर्म भरायचा असेल. "सुधीर."

"केतकी सुधीरोव्ना," ते म्हणाले आणि पुढे गेले. रशियात मान द्यायचा तर नावाला बापाचं नाव जोडतात, त्यांचं इल्यिच म्हणजे इल्याचा मुलगा. मी म्हणू शकले असते की आमच्यातही मधलं नाव वडिलांचंच असतं. म्हटलं नाही. मी तेव्हा त्यांच्याशी मान हलवूनच बोलत असे. आमची मॅनेजर आयरीन, चाळीशीची, चटपटीत, सगळा ऑर्केस्ट्रा एका फोनवर चालवणारी, ती काही महिने सुधीरोव्ना हे माझं आडनाव समजत होती. बाबांना हे सांगितलं तर ते दोन दिवस खूश होते.

आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, आणि त्यात लेव्ह इल्यिचचा फायदाच आहे. त्यांच्या इंग्रजीत 'अ' आणि 'द' ही उपपदं कधीच नसायची. मराठीत त्यांची कुणाला गरजच नाही.

सत्तरी ओलांडलेला बुटका माणूस, पांढरे केस आभाळाकडे, सॅंडलमध्ये मोजे, आणि कान असे की मागून दिवा असला तर गुलाबी दिसायचे. मूळचे चेलोवादक. चेलो म्हणजे बसून वाजवायचं माणसाएवढं व्हायोलिन. बोटं आखडल्यावर कंडक्टर झाले. "वाजवता येईना म्हणून दुसऱ्यांना वाजवायला लावतो. आईबापांसारखं," असं म्हणायचे. देशाने त्यांना तरुणपणी घालवलं. ज्या मित्राच्या अंत्ययात्रेला जायचं नाही असं सरकारने सगळ्यांना सांगितलेलं होतं, तिथे जाऊन त्यांनी चेलो वाजवला. पुढे परदेश दौऱ्यावर असताना दूतावासात पासपोर्ट नव्या शिक्क्यासाठी दिला, तो परत आलाच नाही. खूप वर्षांनी राजवट बदलली, ते परत गेले, एका छोट्या गावात ऑर्केस्ट्रा उभा केला आणि तो वीसेक वर्षं चालवला. मग युद्धाविरुद्धच्या एका पत्रावर सही केली आणि पुन्हा बाहेर. "पहिल्यांदा देशाने मला सोडलं, दुसऱ्यांदा मी देशाला. फिट्टंफाट. पुष्कळ लग्नांत असंच असतं." हे सांगताना ते हमखास हसायचे आणि आम्ही हसावं की नाही हे कुणालाच कळायचं नाही.

चेलो मात्र सोडला नव्हता. सकाळी तासभर घासायचे, मग तो पाठीवर घेऊन हिंडायचे. बेडोकच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलांपुढे आपण टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल धरतो, तर यांनी भर दुपारी चेलोच खुर्चीत बसवला आणि रांगेत गेले. सोबत मी होते, तर ट्रे गोळा करणाऱ्या आँटीने मला धरलं. "टिश्यू ठेव ना! एवढी जाडी बाई कशाला बसवली?"

लेव्ह इल्यिच मागून आले. "मॅडम, ती बाई नाही, माझी बायको आहे."

"मग तिला काहीतरी खायला दे," आँटी म्हणाली आणि टेबल पुसून निघून गेली. त्यांना सिंगापूर आवडायला लागलं ते त्या दिवसापासून, असं मला वाटतं.

त्यांच्या दुसऱ्या वर्षी एक मोठी रशियन सिंफनी करायची ठरली. आम्ही नेहमीप्रमाणे भाड्याचा संच मागवला, एक तालीमही त्याच्यावर झाली. दुसऱ्या तालमीला लेव्ह इल्यिच एक करडा पुठ्ठ्याचा खोका घेऊन आले, कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलेला. त्यात त्याच सिंफनीचा संच होता, त्यांच्या गावातल्या ऑर्केस्ट्राचा. निघताना तिथल्या लायब्रेरियन तमाराबाईंनी तो न बोलता त्यांच्या टॅक्सीत ठेवला होता. एक सूटकेस, चेलो आणि हा खोका, एवढंच घेऊन ते निघाले होते. "याच्यावर वाजवू," ते म्हणाले. "गजाच्या खुणा तयार आहेत. केतकी सुधीरोव्नाचे कष्ट वाचतील."

पार्टांची पानं सुटत होती. मी टापटिपीची. दोन्ही संचांना ऑर्केस्ट्राची एकसारखी निळी कव्हरं घातली आणि शेजारी शेजारी ठेवले. त्यांचा संच स्कॅन करून ठेवायला हवा होता. ते काम पुढच्या आठवड्याच्या यादीत होतं. आयरीन म्हणाली, "रेंटल सेट लागत नाही ना, मग इरेझ करून परत पाठव लाह." हे 'लाह' म्हणजे इथल्या इंग्रजीचं शेपूट.

सोमवारी सकाळी मी व्हायोलापासून सुरुवात केली. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. तिच्या वाट्याला सूर कमी आणि थांबणं जास्त, म्हणून तिच्या पार्टात पेन्सिल सगळ्यात जास्त. पाच पार्ट, सगळे रशियन गिचमिडीने भरलेले. आधीचे भाडेकरू काय घाणेरडे, असं मनात म्हणत मी दुपारपर्यंत ते लख्ख केले. मग चेलोचा पहिला स्टँड. शेवटच्या पानाच्या तळाला रिकामी जागा होती, तिथे गडद पेन्सिलीने दोन ओळी आणि एक चित्र. गडद म्हणून फिरता खोडरबर घेतला. खालून वर खोडत गेले. ओळी गेल्या, काहीतरी गोलमटोल गेलं, काठीसारखं गेलं. वर पोचले तेव्हा फक्त आभाळाकडे गेलेले केस आणि एक कान उरला होता. तो कान मी रोज बघत होते.

मी खोडरबर बंद केला. कव्हर काढलं. भाड्याच्या संचावर प्रकाशकाचा शिक्का असतो. तिथे नव्हता.

आयरीनला सांगितलं तेव्हा ती आधी "आलमाक," म्हणजे आपलं 'अरे देवा', म्हणाली आणि मग दार लावून घेतलं. "ऐक. शनिवारी कॉन्सर्ट. आत्ता सांगायचं नाही. कॉन्सर्ट झाला की सांग. म्हातारा माणूस, हार्टचं काही झालं तर?"

"पण उद्या व्हायोलावाल्यांची तालीम आहे."

"मग लिहून काढ!"

ते करता येत होतं, हीच अडचण झाली. पेन्सिल दाबून चालवली की कागदावर चर उमटतो, आणि खोडली तरी चर राहतो. फोनचा टॉर्च कागदालगत आडवा धरला की तो सावलीसारखा उठून दिसतो. मी पडदे ओढले आणि पाचही पार्ट ओळीने गिरवत गेले. टेबलं, व्ही, आणि शब्दसुद्धा. अक्षरं कळत नव्हती म्हणून चित्र काढावं तशी काढली. एकाची पेन्सिल टोकदार, एकाची बोथट, एक डावीकडे झुकून लिहिणारा. दुसऱ्या दिवशी तालमीच्या तासभर आधी संपलं, आणि खरं सांगते, मला माझं कौतुक वाटलं. चेलोचं शेवटचं पान मात्र आलं नाही. फिरत्या खोडरबराने चर राहतच नाही.

तालमीत लेव्ह इल्यिच व्हायोलाच्या दुसऱ्या स्टँडपाशी थांबले, कागदावर वाकले आणि मोठ्याने हसले. "हा फ्योदर! बघा, वीस वर्षं माझ्यासमोर बसला. गेला बिचारा. पण अक्षर बघा, पिऊन लिहिल्यासारखं." त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. हलकेच, मांजरावरून फिरवावं तसं.

ते अक्षर माझं होतं.

आयरीन दारातून मला बघत होती आणि मान नाही-नाही हलवत होती. तिचं बरोबर होतं. गप्प राहिले असते तर फ्योदर त्यांच्यासाठी तिथेच राहिला असता. आणि गप्प राहणं मला चांगलं जमतं, आयुष्यभर तेच केलंय. पण ते बोट मला बघवलं नाही. मधल्या सुट्टीत मी त्यांच्या खोलीत गेले.

"मायेस्त्रो, ते फ्योदरने लिहिलेलं नाही."

"मग कुणी?"

"मी."

"तुला रशियन येतं?"

"नाही."

मग सगळं सांगितलं. आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण, तीन मिनिटांचं. शेवटी त्यांनी विचारलं, "किती?"

"व्हायोलाचे पाच. चेलोचा एक."

"चेलोचा कितवा?"

"पहिला."

ते उठले, टोपी घातली आणि गेले. उरलेली तालीम झालीच नाही. आयरीनने व्हायोलावाल्यांना घरी पाठवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आय टोल्ड यू. कॉन्सर्टनंतर."

बिशानला घरी पोचले तर आईने तोंड बघूनच विचारलं, "काय झालं?" सांगितलं.

"माफी मागितलीस?"

"मागितली."

"त्यांना ऐकू गेली का?"

आईचे प्रश्न असे असतात. बाबा म्हणाले, "काढून टाकलं तर टाकलं, आमच्या बँकेत..." आईने त्यांना पोळी वाढून गप्प केलं.

दोन दिवस लेव्ह इल्यिच तालमीला आले, पण माझ्याशी 'मिस' म्हणून बोलले. "मिस, स्टँड." "मिस, दिवा." सुधीरोव्ना गेली. आयरीनच्या कपाळावर आठी, कारण शनिवारी ते उभे राहतील की नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी भाड्याचा संच खरोखरच काढून तयार ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही.

शुक्रवारी दुपारी ते लायब्ररीत आले, खुर्ची ओढली. "व्हायोला आण."

मी पाचही पार्ट समोर ठेवले. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ मला वाचून अर्थ सांगायला लागले, परीक्षा घेतल्यासारखं. "'इथे गाढव उगाच सावकाश होईल. मागे जाऊ नये.' गाढव म्हणजे मी. 'भूक.' 'भूक.' 'याला चेलो वाजवू द्या, काठी काढून घ्या.' हे फ्योदरचंच. 'आज नवा टाय. लग्न की खटला?'" एका ओळीपाशी ते थांबले. "ही तुला सांगणार नाही. तुझ्या वडिलांचं नाव माहीत आहे मला."

तीनचार पानं झाल्यावर माझ्या लक्षात आलं, सगळ्या शिव्याच होत्या. मी दीड दिवस पडदे ओढून, श्वास रोखून, चित्रासारख्या सुबक काढलेल्या.

"चांगलं काम केलंस," ते म्हणाले. "तमारापेक्षा नीट. आता चेलो."

मी शेवटचं पान उघडलं. एक कान, थोडे केस. त्यांनी माझा फोन घेतला, टॉर्च आडवा धरला, खाली धरला, खिडकीपाशी नेला. काही दिसलं नाही.

"हे नीनाने काढलं. माझी शिष्या, पहिला स्टँड. मी पत्रावर सही केल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. तिचा भाऊ तिकडे आघाडीवर होता. शेवटच्या तालमीत ती काहीतरी लिहीत होती, मी काठी हलवताना पाहिलं."

"काय लिहिलं होतं?"

"वाचलं नाही. कधीच उघडलं नाही हे पान. शिवी असेल तर वाईट वाटेल. नसेल तर जास्त वाईट वाटेल. म्हटलं, बघू सावकाश."

"तू पाहिलंस ते," ते म्हणाले. "तू एकटीनेच. काय होतं?"

"अस्वलासारखं काहीतरी. हातात काठी."

"हसत होतं? की दात दाखवत होतं?"

मला त्यांचा चेहरा बघून कळत होतं, कोणतं उत्तर हवं आहे. हसत होतं, एवढंच म्हणायचं होतं, आणि पडताळायला जगात कुणी नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी पाहिलंच नाही. मी नुसतं खोडलं."

त्यांनी नाक शिंकरलं, अगदी ट्रॉम्बोनसारखं. "बरं. म्हणजे निम्मी शक्यता आहे. या वयात निम्मी पुष्कळ झाली." पार्ट माझ्याकडे सरकवला. "जागा रिकामी ठेवू नकोस. चेलोवाले त्यावर कॉफीचा कप ठेवतील. लिही काहीतरी."

"मी?"

"दुसरी कोण आहे इथे लायब्रेरियन? तुझ्या भाषेत लिही. माझ्याबद्दल. गोड लिहिलंस तर खोडायला लावीन."

मी पेन्सिल घेतली. शाळेत मराठी नव्हतं, घरात आईने शिकवलं तेवढंच. माझं अक्षर अजून दुसरीतलं आहे. कानाखाली लिहिलं: 'इथे म्हातारा नाही-नाही अशी मान हलवतो. लक्ष देऊ नये. वाजवत राहावे.'

"अर्थ?"

मी सांगितला. तोंडावर.

"मी मान हलवत नाही!"

"हलवता."

"कधीपासून?"

"आल्यापासून. शेवटच्या पानावर, दर वेळी. चेलोवाल्यांना वाटतं, त्यांचं चुकतंय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"कोण सांगणार?"

ते दारापर्यंत गेले आणि वळले. "उद्या बघ, सुधीरोव्ना. खांबासारखा उभा राहीन."

कार्यक्रम चालू असताना लायब्रेरियन रंगमंचाशेजारच्या दारात जादा पार्ट घेऊन उभी असते, कुणाचं पान हरवलं तर. दाराला हातभर फट असते, तिथून कंडक्टरचा चेहरा दिसतो. प्रेक्षकांना फक्त पाठ. शनिवारी ते काठी घेऊन उभे राहिले, आणि स्टँडवर करड्या खोक्यातलाच संच होता. रशियन न वाचताही व्हायोलावाले एकदा गाढवाच्या मागे गेले नाहीत, ते मला कळलं. मग शेवटचं पान आलं. सगळी वाद्यं एकेक करून गप्प होतात आणि चेलो तेवढे राहतात. लेव्ह इल्यिचनी मान ताठ धरली. कान लाल झाले, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. एकदा त्यांनी डोळे तिरके करून दाराकडे पाहिलं, बघ म्हणून.

शेवटच्या तीन बारांत मात्र त्यांना राहवलं नाही. मान हलली, नाही, नाही. चेलोवाले वाजवत राहिले.